घरच्या भूकंपमापकाला मॅग्नेट कोणता, कॉइल कुठली?

म्हसरूळकर
मंडळी, नाशिकच्या मेरीपासून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) हाकेच्या अंतरावर राहतो. तिथे धरणांवरच्या भूकंपमापकांचं काम चालतं हे कळल्यापासून डोक्यात किडा शिरलाय. जिन्याखाली आडवा लंबक उभा केलाय: अ‍ॅल्युमिनियमची ७५ सेंमी नळी, टोकाला वाण्याची दीड किलोची पितळी वजनं, बिजागरीला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. झोका १२ सेकंदांचा मिळतोय. गाडं अडलंय सेन्सरवर, म्हणजे लंबकाची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागावर. रिलेची कॉइल काढून नळीला लावली, समोर बटणाएवढा निओडायमियम मॅग्नेट. लंबक सरळ जाऊन मॅग्नेटला चिकटतो! मॅग्नेट लांब नेला तर सिग्नल गायब. जुन्या स्पीकरचा फेराइट मॅग्नेट पडून आहे, तो लावू, की निओडायमियमच मोठा आणू?

वाइंडिंगवाला, सातपूर
रिलेच्या कॉइलमधला लोखंडी गाभा काढलात का? नसेल तर चिकटणारच. लंबकावर लोखंडी स्क्रूसुद्धा नको, पितळी घ्या.

मॅग्नेट नुसता मोठा आणून भागत नाही, तारेच्या जागी चुंबकीय क्षेत्र किती ते बघा. जुन्या दोन हार्डडिस्क फोडा, आतले मॅग्नेट पाठीच्या लोखंडी पट्टीसकट घ्या आणि एकमेकांना ओढतील असे समोरासमोर बसवा, मध्ये १२ मिमी फट. बोटं सांभाळा, माझं नख काळं झालं होतं. या मॅग्नेटचा अर्धा भाग उत्तर, अर्धा दक्षिण असतो. चपट्या कॉइलची एक बाजू एका अर्ध्यात, दुसरी दुसऱ्यात आली पाहिजे. दोन्ही एकाच ध्रुवाखाली आल्या तर एकीचं व्होल्टेज दुसरी खाते. मी यात अख्खा रविवार घालवला, सोल्डर तपासत बसलो होतो.

कॉइल ४० गेजच्या तारेची, ३००० वेढे. एक वेढा ८ सेंमी धरला तर २४० मीटर तार, साधारण ३५० ओहम. त्यातली ९० मीटर क्षेत्रात आणि क्षेत्र ०.२ टेस्ला धरा. लंबक सेकंदाला एक मायक्रॉन या वेगाने हलला तरी १८ मायक्रोव्होल्ट मिळतात. पुढे अ‍ॅम्प्लिफायर लागेलच. स्पीकरच्या कॉइलला वेढे जेमतेम, शिवाय लंबक कंसात फिरतो, ती घासेल.

वेढे मोजायला कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या (=) बटणाला रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की जोडला जाणारा) जोडा, हँड ड्रिलच्या चकवर छोटा मॅग्नेट. १ + १ दाबून फिरवत राहा.

पंचवटीतला आजोबा
डॅम्पिंग, म्हणजे झोका लवकर शांत करणं, विसरू नका. तसाच ठेवलात तर एक धक्का बसला की लंबक कितीतरी वेळ झुलत राहील आणि खरी नोंद त्यातच बुडेल. मॅग्नेटची दुसरी जोडी लावा, फटीत नळीला जोडलेला ३ मिमी तांब्याचा पत्रा. बोटाने ढकलल्यावर लंबक मध्य किंचित ओलांडून परत येऊन थांबला की जमलं.

म्हसरूळकर
गाभा तसाच होता, लाज वाटली. नवी कॉइल भरली, मीटरवर ३४१ ओहम! सकाळी घंटागाडी दारात थांबली की स्क्रीनवरची रेघ जाड होते. घरात फुटकं तांब्याचं घंगाळ आहे, पण पत्रा १ मिमीच भरतो.

पंचवटीतला आजोबा
तीन तुकडे सपाट ठोकून एकावर एक ठेवा, चालतं. घंगाळ कुणाचं ते मात्र आधी घरात विचारा.