‘रीॲडमिशन’ला मराठी शब्द हवा आहे (आफ्रिका-युरोप स्थलांतर करारांच्या संदर्भात)

तर्जुमा
एका दिवाळी अंकासाठी आफ्रिका आणि युरोप यांच्या सरकारांमध्ये स्थलांतराविषयी चाललेल्या वाटाघाटींवरील एका दीर्घ लेखाचे मी भाषांतर करीत आहे. 2005च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सेउता आणि मेलिल्या या मोरोक्कोला लागून असलेल्या स्पॅनिश शहरांच्या कुंपणांपाशी माणसे मेली, पुढच्या वर्षी तीस हजारांहून अधिक लोक लाकडी होड्यांतून कॅनरी बेटांवर उतरले, आणि त्याच धांदलीत जुलै 2006 मध्ये मोरोक्कोच्या राजधानीत जी बैठक भरली तिच्यापासून ‘राबात प्रक्रिया’ सुरू झाली. येथपर्यंत भाषांतराची गाडी सुरळीत चालली. नोव्हेंबर 2015 मधील माल्टाच्या व्हॅलेटा परिषदेपाशी मात्र ती रुतली. तेथे ठरलेल्या कृती आराखड्याच्या पाचव्या भागाच्या नावात तीन शब्द आहेत: ‘रिटर्न’, ‘रीॲडमिशन’ आणि ‘रीइंटिग्रेशन’. पहिल्याला ‘परतणे’ आणि तिसऱ्याला ‘पुन्हा जम बसणे’ असे लिहून मी निभावून नेले, पण मधला शब्द काही केल्या बसत नाही.

मी आधी ‘पुनर्प्रवेश’ लिहिले होते. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या नणंदेने मसुदा वाचला आणि म्हणाली, “वहिनी, हे नापास झालेल्या मुलाला पुन्हा वर्गात घेतल्यासारखे वाटते.” तिचे बरोबर आहे, आणि अडचण त्याहून खोल आहे. प्रवेश करतो तो माणूस. रीॲडमिशन करते ते सरकार. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांनी युरोपीय संघाशी 2000 साली जो कोतोनू करार केला, त्याच्या तेराव्या कलमात प्रत्येक देशाने युरोपात बेकायदा राहत असलेल्या आपल्या नागरिकांना, समोरच्या देशाने मागणी करताच, आणखी कोणतेही सोपस्कार न करता स्वीकारावे, असे बंधन होते. त्या सबंध वाक्यात क्रिया सरकारांच्याच आहेत, माणसाच्या वाट्याला एकही नाही. असा शब्द मराठीत आहे का?

बोरू
प्रथम एक दुरुस्ती: ‘पुनर्प्रवेश’ हे रूप अशुद्ध आहे, ‘पुनःप्रवेश’ हवे. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘पुनःस्वीकार’ हे आहे. याहून नेमका शब्द हवा असेल तर ‘प्रतिग्रहण’ घ्यावा, कारण त्यात समोरच्याने दिलेले आपण घेणे हा अर्थ मुळातच आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळे होण्याची पळवाट कृपया काढू नये.

सांडशी
बोरूराव, प्रतिग्रह लग्नात ऐकला आहे. कन्यादान झाल्यावर वर ‘प्रतिगृह्णामि’ म्हणतो. युरोपाने दान करायचे आणि सेनेगलने ओंजळ पुढे करायची, हे चित्र तुम्हाला खरोखरच अभिप्रेत आहे काय? वर्तमानपत्रांकडे ‘मायदेशी रवानगी’ हा तयार शब्द आहे, तो पाचवी शिकलेल्या वाचकालाही कळतो, आणि रवानगी फारसी असली म्हणून काही तिचा विटाळ होत नाही.

मोडीवाला
मी पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक पाहिली आहे, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो. रवानगी ही जावक नोंदवहीतील गोष्ट आहे. जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र पोचले असे कोणत्याही कारकुनाला वाटत नाही. ते समोरच्या कचेरीच्या आवक नोंदवहीत चढले पाहिजे, त्यावर तेथील शिक्का बसला पाहिजे. रीॲडमिशन म्हणजे ही आवकेची नोंद होय. आणि तिच्यासाठी माणूस कोणत्या देशाचा हे आधी ठरावे लागते, त्याच्या दूतावासाने ते मान्य करून प्रवासाचा कागद द्यावा लागतो. हा कागद मिळाला नाही तर विमान, पोलीस आणि न्यायालयाचा आदेश ही सगळी तयारी असूनही रवानगी होत नाही.

‘मायदेशी’ या शब्दावर माझा दुसरा आक्षेप आहे. स्पेन आणि मोरोक्को यांच्यात 1992 साली जो करार झाला, त्यानुसार मोरोक्कोतून स्पेनमध्ये बेकायदा शिरलेल्या तिसऱ्याच देशाच्या नागरिकालाही मोरोक्कोने परत घ्यायचे होते. मालीचा माणूस मोरोक्कोत पाठवला तर ती मायदेशी रवानगी कशी होईल? युरोपीय संघाच्या मोरोक्कोशी याच विषयावरील वाटाघाटी 2003 पासून रेंगाळल्या, त्याही मुख्यतः या तिसऱ्या देशाच्या माणसांवरून. माझ्या मते ‘परत घेणे’ हे साधे क्रियापद पुरेसे आहे.

ब्रसेल्सकर
मोडीवाला काकांच्या नोंदवहीला एक घडलेली गोष्ट जोडतो. 11 डिसेंबर 2016 रोजी बामाको येथे युरोपीय संघाच्या वतीने नेदरलँड्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मालीच्या सरकारबरोबर एका कागदावर सही केली. युरोपाच्या बाजूने त्याचा गाजावाजा असा झाला की, युरोपात आश्रय नाकारलेल्या लोकांना परत पाठवण्याबाबत एका आफ्रिकी देशाशी प्रथमच करार झाला आहे. मालीत गदारोळ उठला, आणि तेथील सरकारने सांगितले की आम्ही असल्या कोणत्याही करारावर सही केलेली नाही, ते केवळ संयुक्त निवेदन होते. महिना संपायच्या आत फ्रान्समधून विमानाने पाठवलेल्या दोघांना मालीने उलट फ्रान्सला धाडले. त्यांच्याजवळ मालीचा पासपोर्ट नव्हता, युरोपने दिलेला ‘लेसे-पासे’ (पासपोर्टऐवजी चालणारे प्रवासाचे परवानापत्र) होता, आणि तो आम्हाला चालत नाही असे मालीचे म्हणणे होते.

एकच कागद, एका राजधानीत करार आणि दुसरीत निवेदन. परदेशात मजुरी करणाऱ्यांनी घरी धाडलेल्या पैशावर ज्या देशातील गावेच्या गावे चालतात, तेथे ‘आम्ही आमची माणसे परत घेऊ’ असे कोणते सरकार मोठ्याने म्हणेल? तर्जुमाताई, येथे मूळ शब्दच मुद्दाम धूसर ठेवलेला आहे. तुम्ही मराठीत तो स्वच्छ केलात तर भाषांतर चांगले होईल, पण कागद खोटा होईल.

मोडीवाला
अवांतर: ‘लेसे-पासे’ला आपल्याकडे जुना शब्द ‘दस्तक’ आहे.

सांडशी
अवांतराला अवांतर: मला ‘राबात प्रक्रिया’ हे नाव वाचून कातडे कमावण्याची एखादी मोरोक्कन रीत डोळ्यांपुढे येते. मराठीत प्रक्रिया सांडपाण्यावर आणि फळांवर होते. पन्नासहून अधिक देशांची सरकारे वीस वर्षे बोलत आहेत, तर त्याला ‘राबात संवाद’ म्हणायला काय हरकत आहे? व्हॅलेटात जाहीर झालेल्या 1.8 अब्ज युरोंच्या निधीचे ‘आणीबाणी विश्वस्त निधी’ असे भाषांतर मी एके ठिकाणी वाचले, तेव्हा तर मला थेट 1975 साल आठवले.

कोयता
मी बीड जिल्ह्यातला. त्या निधीच्या पूर्ण नावात ‘इर्रेग्युलर मायग्रेशन’ आहे, आणि त्याचे ‘अनियमित स्थलांतर’ असे भाषांतर सर्रास होते, त्याविषयी येथे कोणीच बोललेले नाही. आमच्याकडे अनियमित म्हणजे वेळेवर न येणारे: पाणी अनियमित, एस.टी. अनियमित, पगार अनियमित. आमच्या आईवडिलांनी दर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्याची वाट धरली, ते स्थलांतर अगदी नियमित होते. ‘अनियमित स्थलांतर’ वाचून आमच्या गावातला माणूस समजेल की ही आफ्रिकेतली माणसे एक वर्ष जातात आणि दोन वर्षे जात नाहीत.

बोरू
तेथे ‘बेकायदा’ किंवा ‘अवैध’ लिहावे. सरळ शब्द असताना मिळमिळीत शब्द कशाला?

ब्रसेल्सकर
कारण तो मिळमिळीतपणा ठरवून आणलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1975 सालीच एका ठरावाद्वारे आपल्या यंत्रणांना सांगितले होते की, अशा कामगारांसाठी ‘कागदपत्रे नसलेले’ किंवा ‘इर्रेग्युलर’ हे शब्द वापरा.

बोरू
मग ‘विनापरवाना’ म्हणा. विनातिकीट, विनाअनुदान, तसेच विनापरवाना.

तर्जुमा
ते मी लिहून पाहिले होते, बोरूराव. पण व्हिसा घेऊन रीतसर विमानाने आलेला आणि मुदत संपल्यावर राहून गेलेला माणूसही याच शब्दात मोडतो, आणि त्याच्याकडे एके काळी परवाना होता.

कोयता
मला अगादेझचा मुद्दा मांडायचा आहे. नायजरमधील या वाळवंटी शहरातून दर सोमवारी लष्कराच्या सोबतीने गाड्यांचा तांडा उत्तरेला लिबियाकडे निघत असे. पिकअपच्या मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसे, बाहेर पाय सोडून बसलेल्यांनी मांड्यांमध्ये धरलेल्या काठ्या आणि बाजूला गोणपाटात गुंडाळलेले पाण्याचे डबे. पश्चिम आफ्रिकेच्या देशांत 1979 सालीच मुक्त संचाराचा करार झाला होता, त्यामुळे सेनेगल किंवा गांबियाचा माणूस अगादेझपर्यंत ओळखपत्र दाखवून कायदेशीरच येत होता. मे 2015 मध्ये नायजरने कायदा केला, आणि काल ड्रायव्हर म्हणून नगरपालिकेला कर भरणारा माणूस तस्कर ठरला. नोव्हेंबर 2023 मध्ये तेथील लष्करी राजवटीने तो कायदाच रद्द केला, म्हणजे तस्कर पुन्हा ड्रायव्हर झाले. आता सांगा, सीमा अजून शेकडो किलोमीटर दूर असताना त्या हौद्यात बसलेला माणूस बेकायदा की अनियमित? आणि मराठीत आपण फसवून विकणाऱ्यालाही ‘मानवी तस्कर’ म्हणतो आणि पैसे घेऊन पलीकडे पोचवणाऱ्यालाही. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली या दोन गुन्ह्यांसाठी दोन वेगळे करार केले, आपण मात्र एकाच शब्दावर भागवतो. आमच्याकडे पोचवणाऱ्याला ‘एजंट’ म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे.

सांडशी
जाणारे स्वतःला काय म्हणवतात ते पाहावे. अल्जीरिया आणि मोरोक्कोत त्यांना ‘हरागा’ म्हणतात, म्हणजे जाळणारे. पकडले गेल्यावर कोणत्या देशाचे ते कळू नये म्हणून कागद जाळणारे. आपली ‘हरकत’ याच शब्दावरून आली असावी, कारण सरहद्दीवर पहिली हरकत यांनाच घेतली जाते.

मोडीवाला
व्युत्पत्ती मोहक आहे, पण खरी नाही. ‘हरागा’मधील धातू जाळण्याचा आहे आणि त्यातील ‘क’ (ज्याचा बोलीत ‘ग’ झाला) घशातून उच्चारायचा वेगळा वर्ण आहे. आपली ‘हरकत’ ज्या अरबी शब्दावरून आली, त्याचा अर्थ हालचाल असा आहे. हिंदीत तिची ‘करणी’ झाली आणि मराठीत पोचेपर्यंत हालचालीचा अर्थ ‘आडकाठी’ झाला. या धाग्याच्या विषयाला ते फारच शोभते, एवढे मात्र कबूल करतो.

सांडशी
माझीच व्युत्पत्ती अधिक चांगली होती.

बोरू
‘हरकत’ऐवजी ‘आक्षेप’ हा शब्द उपलब्ध आहे.

तर्जुमा
सर्वांचे आभार मानते, आणि मूळ प्रश्नाचे काय झाले तेही कळवते. ब्रसेल्सकरांचे म्हणणे पटूनही मी मोडीवाला काकांचे ‘परत घेणे’ घेतले, ‘अनियमित’च्या जागी ‘कागदपत्रांविना’ लिहिले आणि मुदतीवाल्या माणसासाठी एक तळटीप दिली. काल मुद्रिते आली. संपादकांनी तळटीप काढली आहे आणि ‘परत घेणे’ हे ‘बोलीभाषेतले’ वाटल्यामुळे सगळीकडे एकजात ‘मायदेशी रवानगी’ केले आहे. मोरोक्कोच्या परिच्छेदातील वाक्य आता असे आहे: ‘मालीच्या नागरिकांच्या मोरोक्कोतील मायदेशी रवानगीस मोरोक्कोने नकार दिला.’ मुद्रिते शुक्रवारपर्यंत परत करायची आहेत. एकाच शब्दासाठी भांडता येणार असेल तर कोणत्या शब्दासाठी भांडू?

बोरू
शहराच्या नावासाठी भांडा. ‘राबात’ की ‘रबात’, ते आधी ठरवा. मूळ उच्चारात पहिला स्वर ऱ्हस्व आहे.

मोडीवाला
बोरूराव म्हणतात ते खरे आहे. मूळ शब्द ‘रिबात’ असा आहे, आणि त्याचा अर्थ सरहद्दीवरील तटबंदीचे ठाणे असा होतो. त्यातील धातू बांधण्याचा, जोडण्याचा आहे, आणि त्याच धातूपासून आलेला शब्द आपण रोज वापरतो: राबता. ‘त्या घरी त्याचा राबता आहे’ असे म्हणतो तो. लोकांनी एकदाच न जाता ये-जा करीत राहावे, या अर्थी त्या कागदपत्रांत जो ‘मोबिलिटी’ शब्द सारखा येतो, त्याला ‘राबता’ इतका नेमका मराठी शब्द मला तरी दिसत नाही.

बोरू
तो मराठी शब्द नाही, हे आपणच आत्ता सिद्ध केलेत.

कोयता
काका, राबता हा राबण्यावरून आलेला आहे. आमच्या आजीच्या तोंडी राबता म्हणजे राबणाऱ्या माणसांची वर्दळ, आणि कारखान्याच्या तळावर पहाटे चारला ती मी स्वतः पाहिलेली आहे.