कोरड्या ओढ्यात सोन्याचे खडे शोधताना हॉट रॉक कसा ओळखायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. ऊन उतरलं की सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन विकेनबर्गच्या पुढे, रिच हिलच्या आसपासच्या कोरड्या ओढ्यांमध्ये फिरतो. १८६३ साली पॉलिन वीव्हर आणि पीपल्स यांच्या टोळीला या टेकडीच्या माथ्यावर सोन्याचे खडे चक्क उघड्यावर सापडले होते. क्लेमची, म्हणजे त्या जागेवर खाणकामाचा हक्क कुणाचा याची, चौकशी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या आणि काउंटीच्या नोंदींत करूनच जातो, त्यामुळे तो विषय इथे नको.

मशीन गॅरेट एटी गोल्ड, १८ किलोहर्ट्झचं व्हीएलएफ (कमी वारंवारतेच्या सततच्या लहरींवर चालणारं), सोबत आलेली छोटी डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी). अडचण काळ्या वाळूची आणि हॉट रॉकची, म्हणजे धातूसारखा आवाज देणाऱ्या लोहयुक्त दगडांची आहे. सोन्याची घनता १९.३, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाची ५.२, साध्या वाळूची २.६५. पुराचं पाणी वळणाच्या आतल्या बाजूला मंदावलं की जड माल तिथेच बसतो, म्हणून काळ्या वाळूची पट्टी सोडून पुढे जाववत नाही. आणि नेमकं तिथेच मशीन सतत कुरकुरतं.

परवा कातळाच्या भेगेवर बारीक, गोल आवाज आला. दोन बोटं माती खरवडली, आवाज कायम. माती स्कूपमध्ये भरली, अर्धी बाजूला काढून उरलेली कॉइलवर धरली, मग तिचीही अर्धी, असं करत शेवटी तळहातावर राहिला वाटाण्याएवढा तांबूस काळा दगड. लोहचुंबकाला अर्धवट चिकटणारा. असे दगड दिवसभर निघतात. बंदुकीचे छर्रेही निघतात, पण त्यांची तक्रार नाही. शिशाचा आवाज सोन्यासारखाच, ते उकरावंच लागतं.

कॉइल हळूहळू वर उचलून बघा, दगडाचा आवाज पटकन मरतो आणि धातूचा टिकतो, असं सगळे सांगतात. मोठ्या खड्याला ते लागू पडतं. पण अर्ध्या ग्रॅमचं सोनंही दोन इंच वर गेलं की गप्प होतं, मग फरक करायचा कशावरून? इथे पाणी नाही, त्यामुळे झारेकऱ्यासारखी माती घोळवून बघायचीही सोय नाही.

दुसरी युक्ती ऐकली ती अशी: निघालेला हॉट रॉक खिशात ठेवायचा आणि ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा आवाज दाबायची सेटिंग) त्याच्यावरच लावायचा. कुणी करून पाहिलंय का? त्याने बारीक सोन्याचा आवाजही दबतो का, हे मला हवंय.

पल्स इंडक्शन मशीनचा (सततच्या लहरींऐवजी विजेचे झटके सोडणाऱ्या) विचार चालू आहे. ते अशा जमिनीत शांत राहतं, पण लोखंड नीट वेगळं काढत नाही, आणि हा सगळा जुन्या खाणवस्त्यांचा भाग, पावलागणिक खिळे. शिवाय किंमत! ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झचं व्हीएलएफ बारीक सोनं जास्त पकडेल, पण काळ्या वाळूत तेही असंच ओरडेल असं वाटतं.

अजून एक. काही ओढ्यांत कातळाच्या आधी कलीचीचा, म्हणजे चुन्याने घट्ट झालेला पांढरा थर लागतो. सोनं त्याच्यावर अडलेलं असतं म्हणतात. तो फोडून खाली जाण्यात अर्थ आहे का?

ऑस्ट्रेलियात बॅलरॅट, बेंडिगोकडच्या लोहयुक्त जमिनीत फिरलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. मशीन, कॉइल आणि सेन्सिटिव्हिटी किती ठेवता, तेवढं सांगितलंत तरी मोठी मदत होईल.