वॉल्डॉर्फ शाळा मुळात कुणी काढली?

प्रश्न: कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो. लेक पाच वर्षांची. मेहुणी म्हणते, वॉल्डॉर्फवाल्या शाळेत घाला. हे जर्मनीचं प्रकरण काय आहे?

उत्तर १: भावा, स्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. मालक एमिल मोल्ट. त्यानं १९१९ च्या सप्टेंबरात कामगारांच्या पोरांसाठी शाळा काढली आणि रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाच्या हाती दिली. मुलं-मुली एकाच वर्गात, आठ वर्षं वर्गशिक्षक तोच. विणकाम पोरांनाही! (मोफत सक्तीचं शिक्षण शाहू महाराजांनी १९१७ लाच आणलेलं, हे मेहुणीच्या कानावर घाला.)

उत्तर २: नाझींनी १९३८ ला बंद पाडली, १९४५ ला परत उघडली. स्टायनरचं अध्यात्म मला काही झेपत नाही. पण कामगाराचं पोर नि साहेबाचं पोर एका बाकावर, हे पटतं. आता फी विचारून बघा.

प्रश्नकर्ता: विचारली. मेहुणीलाच भरायला सांगतो.