देवळात देव बघायचा की दगड? एका दिवसात पुणे दाखवताना

मंडईजवळचा
दिवाळीत वाशिमहून मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. एका प्रवासी बसचं दिवसभराचं पुणे दर्शन त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. नऊ ठिकाणं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. पर्वतीला वीस मिनिटं. १०३ पायऱ्या आहेत, मावशी खालीच बसली आणि मुलं अर्ध्यातून धापा टाकत परत. रात्री जेवताना मावशी म्हणाली, "दगडूशेठचा गणपती झाला, बाकी सारं बसमंदीच गेलं."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला नेलं. १७५४ साली भीमजीगिरी गोसाव्यांनी बांधायला घेतलेलं देऊळ. काळ्या दगडाचं, कळस नाही, बाहेरून वाडाच वाटतो. पण दर्शनी भिंतीसमोर उभं राहा! द्वारपाल, हत्ती, मोर, आणि एका बाजूला साखळदंडाने बांधलेला गेंडा, शेजारी टोपीवाले शिपाई. धाकट्याने विचारलं, "पुण्यात गेंडे होते?" मग गेंडा म्हणजे बंगाल आणि शिपाई म्हणजे प्लासीची लढाई जिंकलेले इंग्रज असं मानतात, ते सांगत गेलो. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख. दीड तास कसा गेला कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्यांना नऊ ठिकाणं दाखवू नका, तीन दाखवा. देवाला हात जोडून झाले की मान वर करून देऊळही बघू द्या.

पायरीचा दगड
मनापासून असहमत. तुमच्या मावशींच्या तोंडून पहिलं काय निघालं? दगडूशेठचा गणपती झाला. त्या ज्यासाठी आल्या होत्या ते झालं होतं. वाईट तुम्हाला वाटलं, त्यांना नाही.

माझे वडील सोलापूरकडचे, आयुष्यभर शेती केली. त्यांच्या हिशेबात दर्शन मिनिटांत मोजत नाहीत. पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आलं नाही तर नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळस बघून माणसं परत फिरतात आणि वारी पोचली म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याशी बसून मावशींनी वर बघत हात जोडले असतील, तर ते पर्वतीचं दर्शनच आहे. कोरीवकाम बघणं ही तुमची आवड. चांगलीच आहे. पण जे ते बघत नाहीत त्यांचं पाहणं अपुरं, असं ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि आयुष्यात एकदाच पुण्याला येणाऱ्याला नऊ ठिकाणं हवीच असतात. गावी गेल्यावर चारचौघांत "शनिवारवाडा पाहिला का?" असं विचारतात, गेंडा कोणी विचारत नाही.

जोतं
शनिवारवाड्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. सगळ्यात जास्त निराश होऊन माणसं तिथूनच बाहेर पडतात, कारण महाल बघायला आलेली असतात. आत महाल नाहीच. १८२८ च्या आगीत सगळं गेलं, राहिली ती जोती. हे दारातच सांगितलं तर नजर बदलते.

मी पाहुण्यांना आधी दिल्ली दरवाज्यासमोर दहा मिनिटं थांबवते. दारावरचे अणकुचीदार खिळे किती उंचीवर आहेत ते बघायला सांगते. बरोब्बर हत्तीच्या कपाळाला लागतील असे. मग त्याच दाराच्या पोटातली दिंडी, म्हणजे छोटं दार, जिच्यातून शत्रूलाही वाकूनच आत यावं लागेल. आत सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं आणि नुसती जोती. तिथून पायी विश्रामबागवाडा. तो दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. दर्शनी भागाचं लाकूडकाम, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब रस्त्यावरूनही दिसतात. ते पाहिलं की मघाच्या जोत्यांवर काय उभं असेल याची कल्पना येते. पंचवीस मिनिटांत हे होत नाही, म्हणून मी मंडईजवळचा यांच्या बाजूने. लोकांना बाकी फक्त "काका, मला वाचवा" माहीत असतं.

तीन पिढ्या पेठेत
घाईत चुकीचंही सांगितलं जातं. लाल महालात "हीच ती शाहिस्तेखानाची खिडकी" म्हणून मुलाला उचलून दाखवणारे वडील मी पाहिलेत. आजची इमारत महापालिकेने बांधली, १९८८ मध्ये पुरी झाली. जागा मूळ महालाच्या परिसरातली, भिंती मात्र त्या वेळच्या नाहीत.

नागझरीकाठ
दोन्ही बाजूंना विनंती. त्रिशुंडाचं कौतुक जरा जपून करा. मी त्याच भागात राहते. गाभारा लहान, समोरचा रस्ता अरुंद. मागच्या वर्षी एक गट आला, चाळीसेक माणसं. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, एक मुलगी द्वारपालाच्या गुडघ्यावर पाय ठेवून फोटो काढत होती. शेजारच्या आजी रोज सकाळी दूर्वा घेऊन येतात, त्या दिवशी दारातूनच परत गेल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचा दगड आहे, हात लावून लावून झिजतो. बस दगडूशेठलाच जाऊ दे. तिथे रांग लावायची, चपला ठेवायची सोय आहे. आमच्याकडे नाही.

मंडईजवळचा
नागझरीकाठ, तुमचं पटलं. चाळीस जणांना घेऊन तिथे जाऊच नये. चार-पाच जण, पायी, सकाळी लवकर, आणि भिंतीला हात न लावता. हे मी मूळ लिखाणातच लिहायला हवं होतं.

पायरीचा दगड, दर्शनाबद्दल तुमचं खरं आहे, मी मावशीच्या वतीने बोलायला नको होतं. पण मुलांचं काय? ती नऊ आणि बारा वर्षांची. त्यांना बसच्या खिडकीतून दिसलेलं पुणे मला पुरेसं वाटत नाही. आणि आता घाई करायचं कारणही कमी झालंय. भुयारी मेट्रोने कसबा पेठेत उतरलं की कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा चालत होतं.

पायरीचा दगड
मुलांचा मुद्दा मान्य. मोठ्यांचा अजूनही नाही. वडिलांना मी नऊ ठिकाणं दाखवणारच, कारण त्यांनी यादी स्वतः करून पाठवली आहे, वहीच्या पानावर, क्रमांक घालून. गुडघे दुखतात म्हणून पर्वती त्यांनीच खोडली. त्या जागी काय घालू?

जोतं
पाताळेश्वराचं लेणं. जंगली महाराज रस्त्यालाच आहे, थोड्याच पायऱ्या, त्याही खाली उतरायच्या. आठव्या शतकातलं, अख्खं एका खडकात कोरलेलं, आणि पिंडीची पूजा आजही होते. समोर गोल नंदीमंडप आहे. दुपारी न्या, आत गारवा असतो. वडिलांना खांबाला टेकून बसू द्या आणि किती वेळ बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

पायरीचा दगड
लिहून घेतलं. दहाव्या क्रमांकावर.