शरदाचे दिवस जळगावच्या कॉलनीत कसे घालवावेत?

प्रश्न : नव्याने आलेली
यंदाच्या पावसाळ्यात आम्ही कोकणातून जळगावला राहायला आलो. नवरात्र तोंडावर आले आहे. परंतु दुपारी ऊन असे काही तापते की, शरद ऋतू लागल्याचे केवळ दिनदर्शिकेवरूनच कळावे. घरात सासूबाई आहेत आणि मुलगी चौथीत आहे. घरी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीने या दिवसांचा आनंद कसा घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे. सहलीची ठिकाणे नकोत.

उत्तर : तापीकाठ
ताई, दुपारचा नाद सोडा. मोसमी वारे परतले की आभाळ मोकळे होते आणि ओल्या जमिनीवर ऊन पडून दिवसभर उकडते. मात्र त्याच मोकळ्या आभाळामुळे रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे पांघरूण शोधावे लागते. म्हणून आमच्याकडे या ऋतूतले सगळे काही दिवेलागणीनंतर सुरू होते.

मुलीसाठी गुलाबाईसारखे (पार्वतीची मूर्ती बसवून साजरा होणारा आमच्याकडचा मुलींचा सण) दुसरे काही नाही. भाद्रपद पौर्णिमेला बसलेली गुलाबाई कोजागरीपर्यंत असते, म्हणजे अजून पंधरवडा हाताशी आहे. मुली टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणतात आणि मग खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो : झाकण लावलेला डबा कानाशी हलवायचा, आतला आवाज ऐकायचा आणि ‘तिखट की गोड’ इथपासून विचारत नावापर्यंत पोहोचायचे. अलीकडे काही घरी वेफर्सची पाकिटे वाटतात, त्यात ओळखण्यासारखे काय उरते? सासूबाईंना कोकणातला एखादा पदार्थ करायला सांगा. आमच्या मुली तो काही केल्या ओळखू शकणार नाहीत.

उत्तर : पारिजात
सकाळचाही एक तास राखून ठेवा. पारिजातकाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात. झाडाखाली जुने धोतर अंथरून ठेवले तर ती मातीत न पडता देवपूजेला मिळतात. संध्याकाळी सप्तपर्णीचा वास दरवळतो, परंतु काहींना तो उग्र वाटतो, त्यामुळे बैठक त्या झाडाखाली नको.

कार्तिकी एकादशीला जुन्या गावातला श्रीरामाचा रथ अवश्य पाहा. तो दोरांनी ओढतात, पण चाकांखाली लाकडी मोगरी सरकवून त्याला वळवणाऱ्यांचे कसब खरे पाहण्यासारखे असते.

उत्तर : यावलकर
भरिताचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? दिवाळी होऊन थंडी पडू लागली की कॉलनीने मिळून एक रात्र ठरवावी. भरिताची हिरवी, कमी बियांची वांगी घ्यावीत (जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजावीत, सोलून लाकडी बडगीत ठेचावीत आणि वरून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालावी. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हवीच.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आमच्या इमारतीच्या गच्चीवर जाळ करू देत नाहीत. वांगी गॅसवर भाजली तर चालतील का?

उत्तर : यावलकर
चालतील की, खायला काहीच हरकत नाही; फक्त शेजाऱ्यांना बोलावताना त्याला भरीत म्हणू नका. त्यापेक्षा कॉलनीत कोणाचे शेत असेल तर तिथेच बेत करा. काड्याही तिथेच मिळतील.