जन्म वाडियाचा, गाव संगमेश्वर

सेक्रेटरी (ए-302): नमस्कार मंडळी. गणपतीच्या स्मरणिकेत यंदा 'आपली सोसायटी, छोटा भारत' असं एक पान करतोय. 2027 ची जनगणना येतेच आहे, त्याआधी आपण आपली करू. फॉर्मची लिंक पिन केली आहे. नाव, फ्लॅट नंबर, जन्मस्थळ, एवढंच भरायचं. रविवारपर्यंत.

बी-203 वहिनी: आमच्या पिल्लूचंही भरू का? चार महिन्यांची आहे.

सेक्रेटरी: भरा की!

सेक्रेटरी: 41 जणांचं आलं. मुंबई 17, डोंबिवली-कल्याण 14, बाकी किरकोळ. कर्नाटक फक्त 1. 501 चे अण्णा, तुम्ही ना?

ए-501 अण्णा: मी नाही हो. माझा जन्म कल्याणचा. बाबांचं हॉटेल होतं स्टेशनजवळ. उडुपीला आम्ही मे महिन्यातले पाहुणे.

बी-203 वहिनी: ते कर्नाटक म्हणजे आमची पिल्लू 😄 माझं माहेर निपाणी. बाळंतपणाला तिकडेच गेले होते.

ए-105 दादा: घ्या! घरात तुळू बोलणारे अण्णा महाराष्ट्राचे आणि जिच्या घरात मराठीशिवाय शब्द नाही ती कर्नाटकची.

बी-104 काका: हसू नका, जनगणनेतही ती परराज्यातूनच आलेली धरतील. मी 1991 आणि 2001 ला प्रगणक होतो. शाळा सुटली की फॉर्मांची पिशवी घेऊन चाळी पालथ्या घालायच्या. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नुसत्या जन्मस्थळावरून स्थलांतर मोजलं की आकडा फुगतो. म्हणून 1971 पासून 'याआधी कुठे राहत होता' हेही विचारायला लागले, 1981 पासून स्थलांतराचं कारण. 2001 ला कारणांच्या यादीत 'जन्मानंतर स्थलांतर' असा पर्याय आला. म्हणजे सव्वा महिन्यानंतर आजोळहून आईच्या मांडीवर घरी आलेली पिल्लू.

ए-105 दादा: पण काका, मुंबई 17 कशी? मूळ मुंबईकर इथे कोण आहे?

बी-302 ताई: मी आहे त्या 17 मध्ये. जन्म परळच्या वाडिया प्रसूतिगृहात, आजी लालबागला होती म्हणून. बाराव्या दिवशी डोंबिवलीत. तरी कुणी 'गाव कुठलं' विचारलं की तोंडातून संगमेश्वरच येतं. वर्षातून आठ दिवस जाते.

बी-104 काका: हाच घोळ मला दारोदारी व्हायचा. 'जन्म कुठला' विचारलं की माणूस गाव सांगायचा. त्याच्या डोक्यात गाव म्हणजे जिथे घर आहे, देव आहे, भावकी आहे. मग आई बाळंतपणाला कुठे होती ते खोदून काढायचं. आणि जिल्हा आजचा लिहायचा. माझा जन्म 1950 चा, मालवणचा. दाखल्यावर रत्नागिरी, पण फॉर्मवर सिंधुदुर्ग, कारण तो जिल्हा 1981 ला झाला. न हलता जिल्हा बदलला.

माझे आजोबा गिरणीत होते तेव्हा हे जन्मस्थळ भलतंच बोलकं होतं. 1921 ला मुंबईत शंभरातले 84 जण शहराबाहेर जन्मलेले, आणि त्यात सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. त्या आकड्यातून गिरणगाव दिसतं, खानावळी दिसतात, गावी राहिलेल्या बायका दिसतात. पुढची पिढी मुंबईत जन्मली की तीच माणसं तक्त्यात 'स्थानिक'. कोकणातला बाल्या नाच मात्र चालूच.

सेक्रेटरी: काका, मग डोंबिवलीचे सरकारी आकडेच छापू का?

बी-104 काका: 2011 चा तक्ता जिल्ह्याचा मिळेल. तेव्हा पालघर वेगळा नव्हता. ठाणे जिल्हा एक कोटी 10 लाखांचा, देशात सगळ्यात मोठा. त्यात मोखाड्याचा पाडाही आणि आपली गल्लीही. शिवाय राज्यातल्या राज्यात जन्मलेला असेल तर तो नुसता 'इतर जिल्हे'. सांगली की सावंतवाडी, कळत नाही.

ए-402 काकू: आमचं उल्हासनगर त्यात येतं ना? माझ्या आईचा जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा, 1940 चा. जनगणनेवाल्याने 'पाकिस्तान' लिहिलं तर तिने त्याला बसवून ऐकवलं, मी जन्मले तेव्हा पाकिस्तान होतं कुठे? मी आणि भाऊ उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारचे. ही म्हातारी माणसं गेली की तुमच्या तक्त्यात सिंधी उरणारच नाहीत. आणि इथे घरात रोज सिंधी.

ए-601 (मेलबर्नहून): इथे 2021 च्या जनगणनेत स्वतःचा जन्म, आईचा जन्म, वडिलांचा जन्म, घरी कोणती भाषा, असं सगळं वेगवेगळं विचारलं होतं. आईवडिलांपैकी निदान एक जण देशाबाहेर जन्मलेला असे 48.2 टक्के निघाले. आमची मुलगी जन्माने ऑस्ट्रेलियन, पण त्या रकान्यात आम्ही दोघं दिसतो. आपल्या उपनगरापुरते आकडेही बघता येतात.

बी-402: माफ करा, एक विचारू? मी फॉर्म भरला नाही. नाव, फ्लॅट नंबर आणि जन्म, ही यादी ग्रुपवर फिरली की उद्या कोण बाहेरचा ते मोजायला वापरतील. आम्ही भाडेकरू आहोत.

ए-105 दादा: अहो, असं काही नाही हो. हौसेचं पान आहे.

बी-104 काका: त्यांचं बरोबर आहे. जनगणनेला 1948 चा कायदा आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे तुमचा भरलेला फॉर्म कुणी उघडून बघू शकत नाही. प्रगणकाने फोडलं तर शिक्षा आहे. आपल्या फॉर्मला काय आहे? सेक्रेटरींचा मोबाइल.

सेक्रेटरी: मान्य. नाव आणि फ्लॅट नंबर काढले. आधीची उत्तरंही पुसली. आता तीन रकाने: जन्म कुठे, गाव कुठलं, घरात कोणती भाषा. नको असेल ते रिकामं ठेवा. कुठलं उत्तर कुणाचं ते मलाही दिसणार नाही.

बी-302 ताई: चौथा रकाना हवा. गौरी-गणपतीला गोड काय करता?

सेक्रेटरी: ताई, पान एकच आहे.

ए-501 अण्णा: भरलं. 'गाव'मध्ये उडुपी लिहिलं. मुलगा म्हणतो त्याचं डोंबिवलीच. दोघांचं वेगळं चालेल ना?

सेक्रेटरी: चालेल अण्णा.

ए-402 काकू: आई म्हणते तिच्या 'गाव'मध्ये काही लिहू नको. जन्म शिकारपूर, पुढे रिकामं.

बी-402: भरलं. जन्म शीवचा, गाव आझमगड, घरात भोजपुरी, मुलीशी मराठी.

सेक्रेटरी: अहो, नाव-नंबर मी कशाला काढले मग!