गोळी पांढरी की गुलाबी, हे रुग्णालाच ठाऊक
'रुग्णाला वैद्यकातलं काय कळतं, त्याच्या तक्रारी कशाला नोंदवायच्या?' हे मत मला पटलं नाही. चतुर्थीच्या आधी आईला इथल्याच एका इस्पितळात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गोळ्या आईच्या हातावर आल्या. 'माझी पांढरी असते गो बाय,' असं आईच म्हणाली, म्हणून निभावलं. नर्स ओशाळली, पण नोंद कुठेच झाली नाही. (आम्हीही गप्प. डॉक्टरांना दुखवायचं कसं!)

औषधाचा त्रास झाला तर मात्र रुग्ण स्वतः कळवू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्राचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून आहे, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर, आणि ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. आमच्या फोंड्यातल्या एकाही फार्मसीत तो नंबर लावलेला मी तरी पाहिला नाही.